चार माणसं, एक विमान: छोट्या विमानतळावरची ग्राउंड ड्युटी कशी बांधायची

मोठ्या विमानतळावर चेक-इनचा माणूस विमानाच्या चाकाजवळ कधी जात नाही आणि रॅम्पवाल्याला, म्हणजे विमानाजवळ काम करणाऱ्याला, प्रवाशाचं नाव माहीत नसतं. दिवसाला दोन-चार उड्डाणं असलेल्या ठिकाणी मात्र बोर्डिंग पास छापणारा माणूसच तासाभराने गेटवर तो स्कॅन करतो, प्रवाशांना विमानापर्यंत चालवत नेतो आणि विमान गेल्यावर न आलेल्या बॅगेची तक्रारही लिहून घेतो. यातलं एकेक काम सुटं घेतलं तर नवखाही महिन्याभरात शिकतो. गोंधळ होतो तो एक काम सोडून दुसरं हातात घेताना. मोजणी अर्धी राहते, निरोप द्यायचा राहून जातो, 'दुसऱ्याने केलं असेल' असं वाटतं. आणि इथे तो दुसरा म्हणजे बहुतेक वेळा आपणच असतो.

पुढची मांडणी साधारण 70 आसनांचं टर्बोप्रॉप विमान, 30 मिनिटांचा टर्नअराउंड (विमान येऊन पुन्हा निघेपर्यंतचा वेळ), चार कर्मचारी आणि दोन लोडर धरून केली आहे. माणसं कमी-जास्त असतील तर वेळा हलतील, क्रम फारसा हलत नाही. कंपनीचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलच खरं.

रोस्टर लावताना आधी सर्टिफिकेटं बघा

'सगळ्यांना सगळं येतं' हे छोट्या स्टेशनवरचं सर्वात धोकादायक वाक्य. येणं वेगळं आणि करायची परवानगी असणं वेगळं. एका कागदावर उभ्या रकान्यात माणसं आणि आडव्यात कामं लिहा: चेक-इन, लोडशीट (विमानाच्या वजन-तोलाचा हिशेब), मार्शलिंग (हातांच्या खुणांनी विमान जागेवर आणणं), जीपीयू (उभ्या विमानाला वीज देणारी गाडी) जोडणं, एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या पट्ट्यावर, गाडी चालवणं, व्हीलचेअरवरून उचलणं, बॅगेज तक्रार. प्रत्येक चौकटीत 'हो' लिहू नका, प्रशिक्षण संपण्याची तारीख लिहा. धोकादायक मालाचं, म्हणजे डीजीचं, प्रशिक्षण दर 24 महिन्यांच्या आत पुन्हा करावं लागतं. ते काल संपलं असेल तर ती व्यक्ती आज बॅग स्वीकारायला काउंटरवर बसू शकत नाही, मग अनुभव वीस वर्षांचा का असेना. चार माणसांच्या टीममध्ये अशी एक चौकट रिकामी झाली की अख्खी पाळी कोलमडते. म्हणून तारखा दोन महिने आधी डोळ्यांसमोर हव्यात.

लोडशीट आणि मार्शलिंग या दोन कामांसाठी प्रत्येक पाळीत किमान दोन अधिकृत माणसं ठेवा. त्यातला एकजण आजारी पडला तर बाकी कामं कशीबशी उरकता येतात, ही दोन येत नाहीत.

कामाची वाटणी अशी, चौघांना क, ख, ग, घ म्हणू. क ड्युटी ऑफिसर: लोडशीट, क्रूशी बोलणं, संदेश पाठवणं. ख काउंटर, मग गेट. ग काउंटर, मग बॅगांची मोजणी, मग आगमन बेल्ट. घ रॅम्प: मार्शलिंग, चॉक (विमानाच्या चाकांना लावायचे अडसर), जीपीयू आणि लोडरांवर देखरेख. टर्नअराउंडभर आपलं एकच काम धरून राहतो तो फक्त घ. त्याला काउंटरच्या गर्दीत 'जरा पाच मिनिटं ये' म्हणून बोलावायचं नाही. त्याची ती पाच मिनिटं पुढे विमानाजवळ भरून काढावी लागतात, आणि घाई करायला याहून वाईट जागा नाही.

टोपी बदलताना

जागा सोडण्याआधी आकडा लिहा. काउंटर बंद करताना 'झालं सगळं' हा निरोप चालत नाही. '66 मोठे, 2 मुलं, 1 तान्हं, 52 बॅगा, 640 किलो' असं कागदावर येतं तेव्हा ते काम संपतं. डोक्यात ठेवलेला आकडा गेटपर्यंत पोचेतो पुसला जातो, कारण वाटेत किमान तीन प्रवासी काहीतरी विचारतात.

बदल वॉकीटॉकीवर बोलून दाखवा: 'ग काउंटर सोडतोय, बॅगांवर जातोय.' समोरून 'समजलं' आल्याशिवाय तो बदल झाला असं धरू नका. हे नाटकी वाटतं, पहिल्या आठवड्यात सगळे हसतात. पण काउंटरवर कोणी नाही आणि गेटवरही कोणी नाही अशी स्थिती याच एका सवयीने टळते.

स्वतःची मोजणी स्वतः तपासू नका. आपण एकदा 52 मोजल्या की दुसऱ्यांदाही 52 च दिसतात. लोडशीटचे आकडे, प्रवाशांची डोकी, विमान हलण्याआधीची शेवटची फेरी आणि डीजीचा स्वीकार या चार गोष्टींवर दुसऱ्या माणसाची नजर गेलीच पाहिजे. चारच माणसं असताना हे चैनीचं वाटेल, पण प्रत्येक तपासणीला वीस-तीस सेकंद लागतात.

डी-120 ते डी-60: तयारी आणि काउंटर

'डी' म्हणजे सुटण्याची छापील वेळ, डी-120 म्हणजे तिच्या 120 मिनिटं आधी. डी-120 ला सगळे एकत्र उभे राहून पाच मिनिटांचं ब्रीफिंग. बसून नाही, नाहीतर ते पंधरा मिनिटं चालतं. क ने सांगायचं ते असं: आज कोणत्या नोंदणीचं विमान येतंय, किती बुकिंग, किती व्हीलचेअर, एकटं प्रवास करणारं मूल आहे का, हवामान कसं, येणारं विमान वेळेवर आहे का.

नोंदणी क्रमांक फार महत्त्वाचा. एकाच प्रकारच्या दोन विमानांचं कोरडं वजन (इंधन, प्रवासी आणि सामान सोडून) आणि आसनांची संख्या वेगळी असू शकते. आयत्या वेळी विमान बदललं आणि लोडशीटला जुन्याच विमानाचं वजन राहिलं, तर पुढची सगळी बेरीज शुद्ध असूनही उत्तर चूक येतं. म्हणून विमान थांब्यावर आल्यावर शेपटीवरची अक्षरं डोळ्यांनी वाचून क ला परत कळवायची, हे काम घ चं.

तोवर घ जीपीयू सुरू करून पाहतो, शिडी आणि ट्रॉल्यांचे ब्रेक तपासतो, चॉक आणि कोन मोजतो आणि थांब्यावरून पायी फेरी मारतो. सुटा स्क्रू, बॅगेचं तुटलेलं चाक, टॅगची पट्टी, पाण्याच्या बाटलीचं झाकण: यातलं काहीही प्रोपेलर उचलू शकतो. जीपीयू सकाळी चालू केलाच नाही आणि विमान आल्यावर बॅटरी उतरलेली निघाली, ही फार जुनी रड आहे.

काउंटरवर दोघं असले तरी एक रांग आणि दोन खिडक्या ठेवा. बॅग घेताना तीन प्रश्न तोंडपाठ हवेत: बॅग स्वतः भरली का, कुणी काही दिलं का, आणि आत पॉवर बँक, सुटी बॅटरी, ई-सिगारेट आहे का. तिसरा प्रश्न 'काही धोकादायक आहे का?' असा विचारला तर उत्तर नेहमी 'नाही' येतं, कारण पॉवर बँक धोकादायक आहे असं कुणाला वाटतच नाही. वस्तूंची नावं घेऊनच विचारा.

पॉवर बँकेचा हिशेब काउंटरवर चिकटवून ठेवा. मिलीअँपिअर-तासांना 1000 ने भागायचं आणि व्होल्टने गुणायचं. 20,000 ची, 3.7 व्होल्टची बँक म्हणजे 74 वॉट-तास. 30,000 ची म्हणजे 111. आंतरराष्ट्रीय नियमांचा सांगाडा असा आहे: 100 वॉट-तासांपर्यंतची केबिनमध्ये नेता येते, 100 ते 160 ला विमान कंपनीची मंजुरी लागते, त्यावरची प्रवाशाला नेताच येत नाही. सामानाच्या कप्प्यात सुटी बॅटरी कोणत्याही क्षमतेची चालत नाही. कंपन्या याहून कडक नियम लावतात, तेव्हा ताजं परिपत्रक जवळ ठेवा.

एका नगाचं वजन 32 किलोच्या वर घेऊ नका, प्रवासी पैसे भरायला तयार असला तरी. छोट्या विमानाच्या कप्प्यात लोडर वाकून, गुडघ्यावर बसून काम करतो. तिथे 35 किलोची बॅग म्हणजे पाठीचं दुखणं.

मुलं आणि मोठे ही नोंद काउंटरवर होते, पण तिचा परिणाम विमानाच्या वजनावर होतो. जुलै 2020 मध्ये बर्मिंगहॅमहून पाल्माला निघालेल्या एका बोइंग 737 च्या लोडशीटमध्ये प्रत्यक्षापेक्षा 1,244 किलो कमी वजन लागलं होतं. नावापुढे 'मिस' असलेल्या 38 प्रौढ स्त्रियांना प्रणालीने लहान मुली धरलं होतं. मुलाचं प्रमाणित वजन 35 किलो आणि मोठ्या स्त्रीचं 69, म्हणजे दर डोई 34 किलोचा फरक. स्क्रीनवर 'मूल' दिसलं की मान वर करून समोर बघा. तेवढ्याने भागतं.

डी-60 ते डी-30: सर्वात निसरडा अर्धा तास

काउंटर बंद होण्याची वेळ कुठे 60 मिनिटं असते, कुठे 45. ती एकदा ठरली की पाळायची. छोट्या ठिकाणी 'ओळखीचेच आहेत, येतायत दोन मिनिटांत' हे रोज ऐकू येतं. त्या दोन मिनिटांत ग बॅगांवर जायला उशीर करतो, ख गेटवर पोचत नाही आणि क ला अंतिम आकडे मिळत नाहीत. एका माणसासाठी थांबलेली खिडकी तीन कामं अडवते.

काउंटर सोडताना: प्रणालीतून लॉग-आउट, कोऱ्या बोर्डिंग पासचा आणि टॅगचा साठा कुलपात, आकड्यांचा कागद क च्या हातात. उघडी स्क्रीन आणि रिकामी खुर्ची हा थेट सुरक्षेचा भंग असतो.

पुढे कपडे. काउंटरचे कपडे रॅम्पवर चालत नाहीत. गळ्यातली ओळखपत्राची दोरी, टाय, ओढणी, स्कार्फ, टोपी, खिशाला अडकवलेलं पेन हे सगळं काढून ठेवायचं. मग परावर्तक जॅकेट, बंद बूट, कानाचं संरक्षण. या बदलाला दोन मिनिटं लागतात, ती वेळापत्रकात धरा. धरली नाहीत तर माणसं जॅकेट हातात घेऊन पळताना दिसतात.

ग बॅगांच्या खोलीत बिंगो शीट घेऊन बसतो. प्रत्येक टॅगच्या सुट्या चिकटपट्टीपैकी एक या तक्त्यावर लागते. टॅगवर दहा अंकी क्रमांक असतो: पहिला अंक, मग विमान कंपनीचा तीन अंकी संकेत, मग सहा अंकी अनुक्रम. ओळखायला शेवटचे तीन-चार अंक पुरतात. ट्रॉलीनुसार पट्ट्यांचा गट वेगळा ठेवा: पहिली ट्रॉली पहिल्या चौकटीत, दुसरी दुसऱ्या. हा दीड मिनिटाचा कंटाळवाणा उद्योग डी-12 ला दहा मिनिटं वाचवतो, ते पुढे येईलच.

लोडशीट

क ने या वेळी फोन उचलू नये. प्रवाशांची प्रमाणित वजनं नियामकाप्रमाणे बदलतात. युरोपीय नियमांत 30 किंवा जास्त आसनांच्या विमानाला साधारण उड्डाणात मोठ्या माणसाला हातातल्या सामानासह 84 किलो आणि 2 ते 12 वर्षांच्या मुलाला 35 किलो धरतात. तेच घेऊन एक नमुना मांडू.

66 मोठे × 84 = 5,544. 2 मुलं × 35 = 70. एकूण 5,614 किलो. बॅगा 640. विमानाचं क्रू आणि साहित्यासह कोरडं वजन समजा 14,000. म्हणजे इंधनाविना वजन 20,254. या वजनाची कमाल मर्यादा समजा 21,000, तर 746 किलोची जागा उरते. उड्डाणाच्या वेळी टाकीत 1,950 किलो इंधन असेल तर उड्डाण-वजन 22,204.

बेरीज यंत्र करतं, चुका आत जाणाऱ्या आकड्यांत असतात. नेहमीच्या चार जागा: जुन्या विमानाचं कोरडं वजन, तान्ह्या मुलाला आसनाचा प्रवासी धरणं, बॅगांचे नग आणि किलो यांची अदलाबदल, आणि सामान 'पुढच्या कप्प्यात' लिहून प्रत्यक्षात मागे भरणं. शेवटची चूक वजनात दिसतच नाही, ती तोलात दिसते. म्हणून लोडिंगची सूचना लेखी द्या आणि भरून झाल्यावर घ ची सही घ्या की भरलं तेही तसंच आहे.

इंधनाचा हिशेब वैमानिक किलोत मागतो, टँकरचा मीटर लिटर दाखवतो. जेट ए-1 ची घनता 0.8 च्या आसपास असते: 1,600 किलो म्हणजे सुमारे 2,000 लिटर. 23 जुलै 1983 ला कॅनडात एका बोइंग 767 मध्ये हाच गुणक चुकला. किलोच्या जागी पौंडाचा 1.77 वापरला गेला, विमान लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्यानेच निघालं आणि हवेत दोन्ही इंजिनं बंद पडून गिम्लीच्या जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरलं. इंधनाच्या पावतीवर लिटर, घनता आणि किलो हे तिन्ही आकडे असावेत आणि क ने गुणाकार एकदा स्वतः करावा.

डी-30: विमान थांब्यावर

घ मार्शलिंगला उभा, एक लोडर चॉक घेऊन तयार, बाकी सगळे रेषेच्या बाहेर. थांबण्याची खूण: दोन्ही हात बाजूंना सरळ, मग सावकाश डोक्यावर नेऊन दांडे फुलीसारखे. हेच झटक्यात केलं तर ती आणीबाणीची थांब असते. फरक फक्त वेगाचा आहे, म्हणून घाईत हात फिरवायचे नाहीत. चॉक लागल्याची खूण: हात डोक्यावर सरळ आणि दांडे आतल्या बाजूला टोचत एकमेकांना टेकवायचे.

विमान थांबलं म्हणजे जवळ जायचं असं नाही. इंजिनं बंद, प्रोपेलर पूर्ण थांबलेला, लाल लुकलुकता दिवा विझलेला, पुढच्या चाकाला चॉक, मग कोन, आणि घ चा अंगठा वर. एटीआरसारख्या विमानात उजवं इंजिन प्रोपेलर ब्रेक लावून 'हॉटेल मोड'मध्ये चालू ठेवता येतं. तेव्हा पंखा स्थिर दिसतो, पण इंजिन जिवंत असतं आणि मागून तापलेला झोत येत असतो. त्या बाजूला ट्रॉली उभी करायची नाही. थांबलेल्या प्रोपेलरच्या वर्तुळातूनसुद्धा कुणी चालायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली हवी.

प्रवाशांचं दार मागे असलेल्या विमानात दार उघडण्याआधी शेपटीखाली टेकू लावा. पुढच्या कप्प्यातलं सामान निघालं आणि त्याच वेळी सगळे प्रवासी मधल्या वाटेने मागे जमले, तर नाक उचलून विमान शेपटीवर बसू शकतं. चढवतानाही याच कारणाने पुढच्या रांगांना आधी पाठवा आणि पुढच्या कप्प्याचं भरणं मागे पडू देऊ नका.

जीपीयू जोडताना क्रम: गाडीचा हँडब्रेक, चाकाला अडसर, इंजिन सुरू, व्होल्ट बघणं, मग प्लग. या वर्गातल्या विमानांना सहसा 28 व्होल्ट डीसी लागतो. काढताना वैमानिकाची खूण मिळाली की आधी पुरवठा बंद, मग प्लग. भार चालू असताना प्लग ओढला की ठिणगी उडते, पिना जळतात आणि पुढच्या वेळी प्लग बसतच नाही.

माणसं कमी म्हणून एकाच हाताने शौचालयाची टाकी रिकामी करून पिण्याच्या पाण्याची नळी धरणं, हे मात्र कुठल्याही कारणाने चालत नाही. ती दोन कामं दोन वेगळ्या लोडरांना द्या आणि दोन्ही गाड्या एका वेळी विमानाला लावू नका.

उतरणारे आणि चढणारे

इथे एक माणूस कमी पडतो, आणि तो कायमच कमी पडणार आहे. उतरलेल्यांना आगमन दारापर्यंत न्यायला ग हवा, गेटवर ख हवा आणि विमानाजवळ घ. क लोडशीटवर. यातून मार्ग एवढाच: शेवटचा उतरलेला प्रवासी आगमन दारातून आत गेल्याचं ग ने सांगितल्याशिवाय ख ने गेटचं दार उघडायचं नाही. उतरणारे आणि चढणारे एप्रनवर समोरासमोर आले की कुणीतरी फोटो काढायला थांबतो, एखादं मूल पंखाकडे धावतं, आणि कधीकधी उतरलेला प्रवासी चढणाऱ्यांच्या रांगेत शिरून पुन्हा विमानात जातो. चालण्याची वाट कोन लावून आखा, पंख आणि इंधनाच्या टँकरपासून लांब.

व्हीलचेअरच्या संकेतात शेवटचं अक्षर वाचा. 'डब्ल्यूसीएचआर' म्हणजे पायऱ्या चढता येतात, लांब चालवत नाही. 'एस' म्हणजे पायऱ्या जमत नाहीत. 'सी' म्हणजे आसनापर्यंत न्यावं लागतं. 'सी'साठी प्रशिक्षित दोन माणसं आणि सहा-सात मिनिटं धरा, चढवताना सर्वांत आधी, उतरवताना सर्वांत शेवटी. एकाच उड्डाणाला असे दोन प्रवासी आले तर लोडर बॅगांवरून उचलावे लागतात. ते डी-120 लाच ठरलेलं असावं.

छोट्या विमानाचे वरचे कप्पे लहान असतात, त्यामुळे चाकाच्या बॅगा विमानाच्या पायथ्याशी काढून घ्याव्या लागतात. पॉवर बँक सामानाच्या कप्प्यात जाते ती बहुतेक याच क्षणी. काउंटरवर तो प्रवासी 'केबिनमध्येच नेतोय' म्हणाला होता आणि ते खरंही होतं. म्हणून बॅग घेताना पुन्हा विचारा: पॉवर बँक, बॅटरी, ई-सिगारेट, औषधं, किल्ल्या, कागदपत्रं. अशा बॅगांचा नग आणि वजन क ला कळवा. 84 किलोत हातातलं सामान धरलेलं असलं तरी त्याची जागा आता बदलली आहे, आणि ते कसं मांडायचं हे तुमचं मॅन्युअल सांगतं.

डी-12: माणूस नाही, बॅग आहे

प्रवासी चेक-इन करून बॅग देऊन गायब झाला तर ती बॅग उतरते. निर्णय क चा, आणि तो डी-12 ला घ्यायचा, डी-3 ला नाही. ख नाव आणि आसन सांगतो, ग बिंगो शीटवर पट्टी शोधून 'दुसरी ट्रॉली, मागचा कप्पा' असं सांगतो, घ तिथेच शोधतो. तक्ता नीट असेल तर तीन मिनिटांत बॅग खाली. नसेल तर 52 बॅगा उलथ्यापालथ्या. लोडशीटवर शेवटच्या क्षणीचा बदल: 84 आणि बॅगेचे 12, म्हणजे 96 किलो वजा, नवं इंधनाविना वजन 20,158. किती फरकापर्यंत हाताने दुरुस्ती चालते आणि कधी नवी शीट काढावी लागते, त्याची मर्यादा प्रत्येक कंपनीची ठरलेली असते. ती शीटवरच वर लिहून ठेवा.

दार लावण्याआधी तीन आकडे जुळायला हवेत: गेटवर स्कॅन झालेले, केबिन क्रूने मोजलेले आणि लोडशीटवरचे. एकाने फरक आला तर आधी तान्हं मूल बघा, मग शौचालय, मग गेटवर यंत्र लाल झालं तरी पुढे सोडलेला प्रवासी. बहुतेक वेळा पहिल्या दोन ठिकाणीच उत्तर मिळतं. आकडे जुळेपर्यंत दार लावायचं नाही, मग वैमानिक कितीही वेळा घड्याळ दाखवो.

शेवटची फेरी घ ऐवजी ग ने मारावी. कप्प्यांची दारं बंद, शेपटीचा टेकू काढलेला, जीपीयूची केबल बाजूला, कोन उचललेले, सगळे चॉक मोजून परत. टेकू आणि चॉक ज्याने लावले त्यालाच ते दिसेनासे होतात, म्हणून माणूस बदलायचा.

विमान गेल्यावर

हालचालीचा संदेश लगेच जातो आणि त्यातल्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात. भिंतीवर यूटीसीचं वेगळं घड्याळ लावा. दमलेल्या डोक्याने वजाबाकी केली की तारीखसुद्धा चुकते.

उशिराचा संकेत प्रामाणिकपणे भरा. आयाटाचा (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा) 93 म्हणजे येणारं विमानच उशिरा आलं. विमान 20 मिनिटं उशिरा येऊन 26 मिनिटं उशिरा गेलं तर 20 मिनिटं 93 वर आणि 6 मिनिटं आपल्या नावावर: प्रवासी शोधण्यात गेली असतील तर 15, लोडशीट अडली असेल तर 31, इंधनाने घेतली असतील तर 36. सगळं 93 वर ढकललं की कागदोपत्री स्टेशन निर्दोष दिसतं आणि पाचवा माणूस मागायला हातात पुरावा उरत नाही.

बेल्टवर बॅग न मिळालेला प्रवासी तोवर ताटकळलेला असतो. तक्रार लिहून घेताना टॅगचा दहा अंकी क्रमांक, बॅगेचा रंग आणि प्रकार, आतली एक ठळक वस्तू आणि पुढच्या तीन दिवसांचा पत्ता घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रिअल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांत आणि उशिराची 21 दिवसांत करावी लागते. हे प्रवाशाला तोंडी सांगा, छापील कागद कुणी वाचत नाही.

उड्डाण रद्द झालं तर वाटणी बदलते: ख फक्त बोलतो, क फक्त तिकिटं बदलतो, ग बॅगा परत देतो, घ रांग लावतो. दर 20 मिनिटांनी घोषणा करा, नवीन काही नसलं तरी 'अजून निरोप नाही, पुढची माहिती अमुक वाजता' एवढंच. बोलणारा आणि तिकीट बदलणारा एकच असला की दोन्ही कामं बंद पडतात, कारण प्रत्येक तिकिटामागे तीच कहाणी पुन्हा सांगावी लागते.

विमान उडालं तरी थांबा लगेच रिकामा करू नका. काही बिघाडाने ते परत वळलं तर पहिल्या 20-30 मिनिटांतच बहुधा कळतं, तेव्हा चॉक, कोन आणि मार्शलिंगचे दांडे जागेवर हवेत. त्या वेळात लोडशीट, बिंगो शीट, इंधनाची पावती आणि प्रवासी यादी एका पाकिटात घाला, वर उड्डाण क्रमांक आणि तारीख. युरोपीय नियमांत वजन-तोलाचे कागद तीन महिने जपावे लागतात, तुमची मुदत मॅन्युअलमध्ये बघून पाकिटावरच लिहा. मग जीपीयूत डिझेल किती उरलं ते बघून पुढच्या पाळीच्या वहीत नोंदवा.